आधी भांडं पालथं घाला!

फिरतीच्या माणसाकडं किस्से साठतात ते बुटात कुसळं शिरावीत तसे. शिरताना कळत नाहीत, घरी येऊन बसलं की टोचायला लागतात! आमचं काम ठिबक सिंचनाचं. मी आणि सांगलीचा बागवान सातारा-सांगली पालथं घालतो आणि जीप चालवतात आप्पा जगदाळे.

आप्पा फौजेत लंगरात स्वयंपाकी होते, नायक म्हणून रिटायर झाले. शेकडो जवानांना जेवू घातलेला माणूस, पण दुसऱ्याच्या हातच्या घासावर काडीचा विश्वास नाही. ‘रस्सा लाल दिसतोय, म्हंजी लपवाय कायतरी असणार,’ ही त्यांची रीत. त्यामुळं किती वेळा आम्ही वाढलेल्या ताटावरून उठलोय!

त्यात यंदा त्यांच्या शीतलला स्थळ आलं म्हसवडचं. मुलगा खानावळ चालवतो. शीतल तिथंच बँकेत आहे, तिला मुलगा पसंत. आप्पांनी एकच अट घातली. “कोण हाय ते न सांगता आदी जेवून येणार. जेवणात खोट निघाली, तर स्थळ रद्द!”

लेकीचं लग्न एका रश्श्यावर टांगलेलं, आणि आमचा म्हसवडचा दौरा काही लागेना.

* * *

मलकापूरजवळ हायवेला एक पाटी होती, ‘अस्सल घरगुती जेवण’. मी खूष. आप्पांनी बसायच्या आधी पाण्याचा जग उचलला आणि पालथा करून बुडावरचं नाव वाचलं. कुठल्याशा मंगल कार्यालयाचं होतं! ताट बघितलं, तेच. वाटी, तीच.

आप्पांनी मालकाला शांतपणे विचारलं, “आज लग्न कुणाचं हुतं?”

मालक म्हणाला, “सकाळचंच हाय ओ, ताजं हाय!”

तेव्हापासून आमचा नियम झाला. आधी भांडं पालथं घालायचं, मग मांडी.

भांड्यांवरून आठवलं. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनी, आठ डब्यांचा सेट घेऊन त्यावर आप्पांचं नाव घालून घेतलेलं. शीतल दर सोमवारी एकेक डबा ठेचा भरून नेते आणि डबा काही परत येत नाही. काकू करवादतात, “आता एकच उरलाय! लोणचं कशात घालू?” शीतल म्हणते, “बँकेतल्या मैत्रिणी देत न्हाईत, मी काय करू?”

आप्पा म्हणतात, “जाऊ दे गं, पोरी विसरत असतील.” जगात एकाच माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नाही, ती शीतल.

* * *

पाटणच्या पुढं एक म्हातारी घराच्या पडवीतच जेवण करून घालते. पाटी नाही, गर्दी नाही. आप्पांना तेवढं पुरलं. “आजी, पानी कुठलं? तेल कुठलं? पीठ कवा दळलं?”

म्हातारीनं चुलीवरची नाचणीची भाकरी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “आदी तुमी हात धुवून दावा. जीपवाल्यांचा मला भरवसा न्हाई.”

आप्पा गपगुमान उठले आणि कोपरापर्यंत हात धुवून आले. चार भाकरी खाल्ल्या, वर जीपमध्ये बसल्यावर म्हणतात, “बाई पक्की हाय. तिनं मलाच तपासून घेतलं.”

* * *

सांगलीत बागवाननं आग्रह करकरून एका ठिकाणी भडंग खायला नेलं. सगळ्या वाटेनं तारीफ! आप्पांनी मूठभर तोंडात टाकली आणि दुकानदाराकडं बघत विचारलं, “ह्यो तुझा कोण?”

बागवान चाचरला. “साडू.”

“चव झकास हाय. पण साक्षीदार घरचा निघाला.”

* * *

अख्ख्या मसुराचे तीन ढाबे, एकाला एक लागून. तिन्हीवर पाटी ‘ओरिजिनल’! आप्पांनी तिसऱ्याच्या मालकाला विचारलं, “तुमचं जेवण झालं का?”

“न्हाई अजून,” तो चप्पल घालत म्हणाला, “आता चाललोय की पलीकडं.”

आम्हीही उठलो आणि त्याच्याच मागनं गेलो. मसूर लय भारी होता. आप्पा मात्र जेवताना कुढत होते. “सोताच्या हाटेलात न जेवणारा माणूस! म्हसवडचा तसला निघाला तर पोरगीला काय सांगू रं?” तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

* * *

शेवटी म्हसवडचा दौरा लागला. भर दुपार. मुलगा उंच, हसरा. आप्पांना त्यानं कधी बघितलेलं नव्हतं. “बसा पाव्हणं!” म्हणाला.

आप्पांनी जग पालथा केला. कुणाचंच नाव नाही. आत डोकावून चूल बघितली, लख्ख. मुलाची आई भाकरी थापत होती. “तुमी कुठं जेवता?” विचारलं, तर त्यानं कोपऱ्यातलं आपलं अर्धं ताट दाखवलं, आमच्यासारखंच. बाजरीची भाकरी आणि रस्सा असा, की बागवान बोलायचा बंद झाला!

आप्पा माझ्या कानात म्हणाले, “कायच सापडंना. म्हंजी मोठं कायतरी हाय.”

मग त्यांनी ठेचा तोंडाला लावला आणि थांबले. पुन्हा बोट लावलं.

“ह्यो ठेचा कुणी केला?”

मुलगा लाजला. “ते... आमच्यात न्हाई करत. येतो एका घरनं. वाढू का अजून?” आणि त्यानं स्टीलचा डबाच आणून टेबलावर ठेवला.

सवयीनं आप्पांचा हात गेला. त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा डोक्याच्या वर धरला आणि बूड वाचलं. मीही वाचलं. ‘नायक य. बा. जगदाळे, मलकापूर.’

बागवाननं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

आप्पांनी डबा हळूच खाली ठेवला. मग मुलाला विचारलं, “असले किती हायत तुझ्याकडं?”

“सात. का ओ?”

आप्पांनी ताट पुढं ओढलं.

“आठवा रुखवतात येईल. भाकरी वाढ.”