रोलरवरची हौसा

दुपारचं जेवण झालं की भिकाजी शेडगे पुन्हा स्कॅनरपाशी येऊन बसतो. हातात पांढरे सुती मोजे घालतो, निगेटिव्हची पट्टी कडेला धरून चौकटीत बसवतो, झाकण लावतो आणि बटण दाबतो. काचेखाली उजेडाची रेघ घरघरत सरकू लागते. एका पट्टीला चार मिनिटं लागतात. पहिल्या मिनिटाला तो पडद्याकडे बघतो, दुसऱ्याला खिडकीकडे, आणि तिसऱ्याला त्याची हनुवटी छातीवर टेकते.

घरात कोणी नाही. मुलगा हेमंत आणि सून रेश्मा मंडईत गेलीत. उद्या त्याच्या बायकोचं, हौसाचं वर्षश्राद्ध आहे, माणसं यायची आहेत, भिकाजीचे थोरले भाऊ तात्याही गावाहून यायचे आहेत.

समोरच्या भिंतीकडे तोंड करून एक फ्रेम उभी आहे. ती त्यानंच तशी फिरवून ठेवलीय. स्टुडिओवाल्यानं हौसाच्या ओळखपत्रावरचा चेहरा कापून कुठल्या तरी बाईच्या धडावर बसवलाय. अंगात हिरवी पैठणी, मागं निळे ढग. हेमंत म्हणाला, "बाबा, चेहरा तर आईचाच आहे ना?" भिकाजी म्हणाला, "आणि खांदे कुणाचे?" हेमंतनं पुन्हा एकदा फ्रेमकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुसरा चांगला फोटो मिळाला तर तो लावू. उद्या सकाळपर्यंत बघा. नाहीतर हाच."

दुसरा फोटो. तीन आठवडे तो तेच करतोय. पत्र्याच्या ट्रंकेतल्या जवळजवळ सगळ्या निगेटिव्ह आणि स्लाइडी झाल्या, चारशेच्या वर. धरणाच्या कामावर तो फिटर होता, तेव्हा त्यानं आवडीनं जुना कॅमेरा घेतला होता. क्रेन आहे, बोगदा आहे, तात्या आहेत, तात्यांचे बैल आहेत. हौसा सगळीकडे कडेला आहे. कुणाचं तरी मूल कडेवर घेतलेली, कपबशांचा ट्रे धरलेली, कुठं नुसता कोपर. फोटो काढणारा तोच होता. चारशे वेळा त्यानं डोळा लावला आणि चारशे वेळा तिला कडेला ठेवलं.

एकदाच ठेवलं नव्हतं. ती स्लाइड कुठं आहे ते त्याला पक्कं ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या चामडी पेटीत, लाल अस्तराखाली. ती पेटी तीन आठवडे टेबलावरच आहे. त्यानं ती उघडलेली नाही.

रेघ सरकते. घरघर लांब जाते.

"अवो, पाय आवरा. झाडायचंय."

भिकाजी पाय वर घेतो. हौसा वाकून खुर्चीखालनं केरसुणी फिरवते. त्याला काही नवल वाटत नाही. ती रोज याच वेळेला झाडते. फक्त तिच्याकडे बघताना कुठंतरी खटकतं, पायात दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं.

"पदर असा का घेतलायस?" तो विचारतो. पदर उजव्या खांद्यावर आहे.

"मी कुठं घेतलाय? तुम्हीच दिलाय." ती सरळ उभी राहते आणि नाकावर बोट ठेवते. चमकीसुद्धा उजवीकडं आहे. "चारशे येळा मला उलटी घातलीत त्या काचंवर. हेमंतनं झाकणावर चिठ्ठी चिकटवलीय, चकचकीत बाजू खाली. वाचता येतंय न्हवं?"

"धरणाच्या वर्कशॉपात चकचकीत बाजू वर ठेवायची असते," भिकाजी म्हणतो. "घासून पॉलिश केलेला भाग खाली ठेवला तर ओरखडे पडतात. तीस वर्षं हाताला तेच वळण."

"मी काय बेअरिंग हाय?"

त्याला हसू येतं. वर्षभरात पहिल्यांदा. तो पाय खाली सोडतो. खाली फरशी नाही, मुरूम आहे. लालसर, नुकताच पसरलेला, पाणी मारलेला. खुर्ची धरणाच्या वसाहतीच्या रस्त्यात आहे आणि समोर रोड रोलर उभा आहे, पिवळा, पुढच्या चाकाला ओली माती चिकटलेला. ड्रायव्हर महंमदभाई कुठं दिसत नाही. वर सीटवर हौसा बसलीय. केरसुणी तिनं शेजारी ठेवलीय.

हा रस्ता आता नाही. धरण भरलं तेव्हा तो पाण्याखाली गेला. हे भिकाजीला आठवतं आणि तरीही मुरूम त्याच्या तळव्यांना टोचतो.

रोलर सुरू होतो. माणूस चालेल इतकाच त्याचा वेग. भिकाजी शेजारून चालतो, हातात ते पांढरे मोजे तसेच.

रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडांच्या जागी दवाखान्यातल्या लोखंडी खाटा आहेत. एकीवर सलाइनची बाटली लटकतेय. तो तिकडं बघायला लागतो.

"तिकडं बघू नका," हौसा वरनं ओरडते. "ते अकरा दिवस हुते. डोळं मिटलं की तिथंच जाताय. बाकीची त्रेचाळीस वरसं कुठं ठिवलीत?"

"ती ट्रंकेत आहेत. काढतोय की."

"सगळी काढलीत?"

रोलर घुर्रघुर्र चालतो.

"ह्याच रोलरवर मी बसले हुते," ती म्हणते. "लग्नाला चार वरसं झाली हुती. महंमदभाई म्हणाला, वहिनी, बसायचं का? तुम्ही म्हणालात, बस, फोटो काढतो. मी नुसती बसले न्हाई. चाळीस फूट चालवला. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग फोटो?"

तिनं हे आयुष्यात किती वेळा विचारलं असेल. पहिल्या वर्षी दर आठवड्याला, मग सणासुदीला, मग कधीमधी हसत. प्रत्येक वेळी त्यानं एकच उत्तर दिलं. आत्ताही तेच जिभेवर येतं.

"पांढरा आला," भिकाजी म्हणतो. "उजेड गेला आत. काही दिसत नव्हतं."

"पांढरा."

"हं."

ती उजवा अंगठा वर करून त्याला दाखवते. अंगठ्यावर तिरका व्रण आहे. हेमंतच्या लग्नात कोहळा चिरताना विळी लागली होती, चार टाके पडले होते. "कॅमेऱ्याच्या पेटीला बुरशी लागू नये म्हणून दरसाल मे महिन्यात उन्हात कोण टाकत हुतं? तुम्ही?"

त्याला ते नीट कळत नाही. स्वप्नात कळतं तसं अर्धंच कळतं. पण तोंडातलं खोटं आता चाववत नाही, गिळवत नाही.

"पांढरा नव्हता आला," तो म्हणतो. "चांगला आला होता. सगळ्यांत चांगला तोच. तात्यांना दाखवला. त्यांनी दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, यंत्रावर पाय टाकून बसलेली बाई, दात दिसतायत, हे घरात दाखवायचं? फेकून दे. मी हो म्हणालो."

"फेकला?"

"नाही. ते धाडस पण झालं नाही."

हौसा मोठ्यानं हसते. दात दिसतात. रोलरचा आवाज त्या हसण्याखाली दबतो.

रस्ता वळतो. वळणावर, बरोबर मधोमध, तात्या खुर्ची टाकून बसलेत. धोतर, टोपी, मांडीवर ती स्टुडिओतली फ्रेम. उद्या यायचे ते आजच कसे आले? फ्रेमला चंदनाचा हारही घातलाय. तात्या रोलरकडं बघतात आणि हलत नाहीत. तात्या कुणासाठी हललेले भिकाजीला आठवत नाहीत.

रोलर पुढं सरकतोय. हौसा डोक्यावरनं पदर घेते. दिरासमोर ती जन्मात थेट बोलली नाही, चहा लागला तरी भांडं वाजवायची.

"तुम्ही सांगा त्यास्नी," ती खालच्या आवाजात म्हणते.

भिकाजी तोंड उघडतो. आवाज नाही. घशात मुरूम भरलाय. रोलरचं चाक तात्यांच्या पायापासून दहा हातांवर आहे, मग आठ. हौसा थांबवत नाही. ती समोर बघतेय, तिला त्याची घाई नाही. आणखी त्रेचाळीस वर्षं ती अशीच बसून राहिली असती.

"तात्या," भिकाजी म्हणतो. "उठा."

"काय म्हणालास?"

"उठा म्हणालो. रस्त्यातनं बाजूला व्हा. आणि ती बाई आमची नाही, तिला खाली ठेवा."

तात्या त्याच्याकडं बघतात. मग उठतात. खुर्ची उचलतात, फ्रेम मुरुमावर ठेवतात आणि धोतराचा सोगा सावरत कडेच्या गवतात जाऊन उभे राहतात, एस. टी.ची वाट बघत असल्यासारखे. रोलर फ्रेमवरनं जातो. काच पापडासारखी वाजते.

"एवढंच हुतं?" हौसा विचारते.

"एवढंच होतं," भिकाजी म्हणतो, आणि त्याला रडू येतं, रागाचं.

पुढं पाणी आहे. रस्ता उतरत उतरत सरळ पाण्यात जातो, तसा तो गेलाच होता. रोलर थांबायची चिन्हं नाहीत. भिकाजी धावतो आणि चाकापुढं उभा राहतो, दोन्ही हात पसरून.

"थांब. मला हे मान्य नाही."

"मान्य करा असं कोण म्हणतंय?"

"सगळेच म्हणतात. हेमंत म्हणतो, भटजी म्हणतात, शेजारचे म्हणतात. आता वर्ष झालं, आता मनातनं काढा. फोटोला हार घाला, दक्षिणेच्या भिंतीला लावा, हात जोडा. मी हार घालणार नाही. मी हात जोडणार नाही. तुला बघायचं तर मी असंच बघणार, रोज, सरळ."

"मग बघा की. पण आधी सरळ घाला, चकचकीत बाजू खाली." ती रोलर थांबवते. "आन् आता सरका. उद्या दारात माणसं येणार, आन् तुम्ही हितं रस्त्यात हात पसरून उभं."

"सरकणार नाही."

"अवो, तुम्ही तात्यांच्या वर झालात."

ती वरनं वाकते आणि हात पुढं करते. भिकाजी हातातला मोजा ओढून काढतो. बोटं घट्ट झालीत, मोजा निघत नाही, निघत नाही, मग निघतो. तिचा अंगठा त्याच्या तळव्यावर टेकतो. व्रणाची उंच रेघ त्याला कातडीवर लागते. पाणी चाकापर्यंत आलंय, आणि ते घरघरतंय.

घरघर थांबते.

स्कॅनर थांबलाय. भिकाजी खुर्चीत आहे. उजव्या हातातला मोजा जमिनीवर पडलाय. खिडकीतलं ऊन अजून टेबलावरच आहे, म्हणजे फार वेळ गेला नाही.

तो पडद्याकडं बघतो. नुकतीच आलेली पट्टी: क्रेन, क्रेन, तात्या, आणि कडेला ट्रे घेतलेली हौसा. पदर उजव्या खांद्यावर. त्यानं चारशे वेळा हे चित्र धुळीचा ठिपका शोधत पाहिलंय आणि पदर बघितलाच नाही.

तो कॅमेऱ्याची पेटी जवळ ओढतो. बक्कल गंजलेलं नाही. अस्तराचा कोपरा सैल आहे. बोट घालतो, पुठ्ठ्याची चौकट हाताला लागते. चौकटीच्या कडा धरून तो स्लाइड खिडकीसमोर धरतो.

पिवळा रोलर. सीटवर हौसा, एक पाय वर टाकलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड उघडं, सगळे दात दिसतायत. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. रस्त्याकडं बघतेय.

आणि खालच्या कोपऱ्यात, फिल्मवरच, एक ठसा आहे. ही स्लाइड त्यानं फक्त कडांनी धरली होती, आणि तात्यांनीही. ठसा मोठा आहे, अंगठ्याचा. बोटाच्या तेलानं फिल्म तेवढीच खाल्लीय, रेघा पांढुरक्या उमटल्यात. त्या रेघांना मधोमध छेदत एक तिरका व्रण गेलाय. चार टाक्यांचा.

हेमंतच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. म्हणजे त्यानंतरच्या कुठल्या तरी मे महिन्यात तिनं ही काढून पाहिली, परत होती तिथं ठेवली, आणि तरीही दसऱ्याला, दिवाळीला हसत विचारत राहिली, फोटो कसा आला हुता वो?

दार वाजतं. हेमंत पिशव्या घेऊन आत येतो, मागं रेश्मा. एका पिशवीतनं चंदनाचा हार बाहेर आलाय.

"मिळाला का बाबा?"

"मिळाला."

हेमंत पिशव्या खाली ठेवतो, स्लाइड हातात घेतो आणि खिडकीच्या उजेडात धरतो. त्यानं आईला असं कधी पाहिलेलं नाही.

"तात्या काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगतो काय म्हणायचं ते. आणि तो हार दुकानात परत दे."

"बरं." हेमंत चष्मा वर करून स्लाइड पुन्हा उजेडात धरतो. "इथं कुणाचा तरी अंगठा लागलाय. पुसायला पाहिजे. नाही निघाला तर स्कॅन झाल्यावर मी कॉम्प्युटरवर काढून टाकतो, कळणारसुद्धा नाही."

"हात लावू नकोस."

भिकाजी स्लाइड त्याच्या हातातनं घेतो. झाकणावरची चिठ्ठी वाचतो, मोठ्यानं, पहिलीतल्या पोरासारखी. चकचकीत बाजू खाली ठेवतो. झाकण लावून बटण दाबतो. दुसरा मोजाही काढून टेबलावर टाकतो आणि उजेडाची रेघ त्या अंगठ्यावरनं जाईपर्यंत डोळे उघडे ठेवून बघत राहतो.