धकातेचे पॅड आणि माझे दात

हॉकीचा गोलकीपर म्हातारा होत नाही, नुसता किश्शांनी जाड होत जातो. फॉरवर्डवाल्यांना आपण मारलेले गोल आठवतात. आम्हाला कुठं कुठं लागलं ते आठवतं, आणि प्रत्येक वळामागं एक किस्सा बसलेला असतो. परवा जुनवानीला एका मित्राकडं गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो, तर एका गुडघ्यातून सहा किस्से निघाले. दुसरा उघडायच्या आत वहिनींनी ताटं वाढली!

हे सगळं भिलाईतलं, मध्य प्रदेशच्या जमान्यातलं, ऐंशी सालाच्या आगंमागंचं. स्टील प्लांटातल्या प्रत्येक शॉपची, म्हणजे खात्याची, आपली हॉकी टीम असायची. मी आमच्या शॉपच्या ऑफिसात क्लार्क. यात जितकं मला आठवतं तितकं सगळं खरं आहे. आणि मला भरपूर आठवतं.

*

आमचा आधीचा कीपर धकाते. इलेक्ट्रिशियन, उंची सहा फूट. समोरच्या शॉपच्या मिंजनं मारलेला एक बॉल त्यानं दातांनी अडवला. बॉल बाहेर गेला. सोबत पुढचे तीन दातही गेले.

मॅच आम्ही जिंकलो. धकातेचा सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. स्टेजवरून उतरता उतरता त्यानं सगळं किट माझ्या पायाशी आणून टाकलं. पॅड, बुटांवर बांधायचे किकर, ग्लोव्ह्ज, सगळं.

"घे. आजपासून तू."

"मी? अबे, मी पाच फूट तीन इंच!"

"मंग तं बरंच हाये. माये दात जिथं होते, तिथं तुयं टाळकं येते."

त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. मुलगी वर्ध्याची. तिनं माझा फोटो पाहून होकार दिला होता, आणि त्या फोटोत मी बत्तीशी दाखवून हसत होतो!

आई म्हणाली, "बाबू, हॉकी खेळ, मी नाई म्हणत नाई. पण लगन लागेपर्यंत थोबाड फोटोसारखंच ठेवजो."

लग्न होतं टुर्नामेंटच्या फायनलनंतर आठ दिवसांनी. माझं लग्न आहे आणि फायनलला समोर मिंजचंच शॉप येणार, हे दोन्ही मैदानावरच्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं.

*

मिंज रिगर होता. क्रेननं उचलायचा अवजड माल दोरांनी, साखळ्यांनी बांधणं आणि बांधलेलं टेस्ट करणं हे त्याचं काम. मनगटं अशी, की घड्याळाचा पट्टा पुरायचा नाही. पेनल्टी कॉर्नरला त्यानं मारलेला बॉल गोलाच्या फळीला लागला, की सेक्टर दोनमधल्या बाया आभाळ गडगडलं समजून वाळवण आत घ्यायच्या. आमच्या घरच्या कुरडया तीनदा आत गेल्या, मी स्वतः पाहिल्या आहेत.

एकदा बाजारात तो माझ्या शेजारीच टमाटर निवडत होता. मी कोथिंबिरीच्या जुडीआड तोंड लपवलं.

"तू नया कीपर है?"

"हाँ. मतलब, अभी पक्का नहीं है."

त्यानं मला वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं, आणि तोंडापाशी थांबला.

"डर लगता है?"

"नहीं."

"लगना चाहिए," तो अगदी काळजीनं म्हणाला.

मी कोथिंबीर, आमच्या भाषेत सांबार, तिथंच टाकून आलो. आईनं विचारलं, "कावून रे, सांबार कुठं हाये?" माझी जीभ दातांवरून फिरत होती, सगळे जागेवर आहेत का पाहत!

*

आता पॅड. धकातेच्या मापाचे, म्हणजे माझ्या जवळजवळ कमरेपर्यंत. पट्टे आवळले की पाय झोपायचा, सैल सोडले की पॅड फिरायचा. आमचा कॅप्टन रामटेके, क्रेन ऑपरेटर. खाली कोण काय करून राहिलं ते वरून पाहायची सवय, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याचं मत.

"पॅड असा बसला पाहिजे," तो म्हणाला, "की तुले वाटलं पाहिजे, तो पायात नाहीच."

पहिल्या मॅचला मला तसंच वाटलं. कारण तो खरंच नव्हता! फिरून पोटरीकडं गेला होता. बॉल आला तो थेट नडगीवर. पॅड मागं पाहून राहिला, मी समोर.

दुसऱ्या मॅचला रामटेकेनं स्वतः आवळले, माझ्या पाठीला पाय लावून. पहिल्या हाफमध्ये मुंग्या आल्या. दुसऱ्या हाफमध्ये मुंग्याही गेल्या.

मी बोंबललो, "रामटेके! माये पाय मले लागूनच नाई राहिले!"

तिकडून तो ओरडला, "मस्त! मंग बॉल लागला तरी समजणार नाई!"

*

छातीसाठी काही नव्हतं. रामटेकेनं कोळसा वाहणाऱ्या बेल्टचा एक टाकाऊ तुकडा मिळवला. बोटभर जाड रबर. मान जाईल असं भोक पाडलं, दोन बाजूंना नाड्या लावल्या, आणि मला त्यात घातलं.

"आता तोफ आली तरी काही होत नाई," तो म्हणाला.

तोफ आली नाही. एक साधा, मेलेला बॉल आला. मी मागं सरकलो, तोल गेला आणि पाठीवर पडलो. उठता येईना! हातपाय हवेत, पाठ मुरमावर. बॉल माझ्या शेजारून संथपणे आत गेला, मी त्याला जाताना पाहिलं. आभाळाकडं तोंड करून पडल्या पडल्या एकच विचार येत होता, की आता मिंज आला तर माझं थोबाड कसं छान सपाट ठेवलेलं आहे!

आमच्या दोन फुलबॅकांनी मला उचलायला घेतलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड थांबून बघत होता.

"इसको उठाना है," त्यानं विचारलं, "कि यहीं गाड़ना है?"

*

मग मला दातांचीच धास्ती बसली. जेवताना भाकर कुरकुरली तरी मी दात मोजून घ्यायचो. धकातेनं उपाय सांगितला. पंपाच्या गॅस्केटचं रबर कापून दातांत धरायचं. "मायाकडं हे असतं तं," तो हळहळला, "आज मी ऊस खाल्ला असता."

रबर चांगलं बसलं. वरचे खालचे दात त्यात रुतून गच्च. पण कीपरचं अर्धं काम ओरडण्याचं असतं. त्यांचा राइट आऊट मोकळा सुटला, मी आमच्या फुलबॅकला सांगायला गेलो, आणि तोंडातून आलं, "उंऽऽ! उंऽऽ!"

त्यानं वळून पाहिलं. माझे डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात हवेत. तो धावत माझ्याकडं आला, पाठीवर हात ठेवला.

"रडू नको बे," म्हणाला. "होऊन जाईल लगन."

मागं गोल झाला होता.

*

शेवटी तोंडावर वेल्डिंगची स्क्रीन बांधली. तीच ती, वेल्डर लावतात ती, काळ्या काचेची. आमच्या वेल्डरनं तिला डोक्यामागं इलॅस्टिक लावून दिलं, कपाळाशी फोम चिकटवला, हनुवटीशी चिंधी गुंडाळली. इतकं आरामशीर आजवर काहीच बसलं नव्हतं. कुठं टोचत नव्हतं, कुठं घासत नव्हतं.

प्रॅक्टिस सुरू झाली. आणि काय सांगू! भीती गेली. मी ताठ उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले, गाणंसुद्धा म्हटलं. पाच मिनिटांनी रामटेके जवळ आला.

मी म्हटलं, "पाह्यलं? एकही लागला नाई मले!"

"कसा लागंल? आठ गोल झाले ना बावा!"

त्या काचेतून फक्त वेल्डिंगचा जाळ दिसतो. बाकी सगळा काळोख. पण माझ्या अख्ख्या हॉकीच्या आयुष्यात न घाबरता घालवलेली पाच मिनिटं म्हणाल, तर ती तेवढीच!

*

फायनल. स्क्रीनला अंपायरनं मनाई केलेली, गॅस्केटला फुलबॅकनं. तोंड उघडं.

तीन मिनिटं राहिली असताना आम्ही एका गोलनं पुढं होतो. आमच्या फुलबॅकनं गोलासमोर त्यांच्या फॉरवर्डचा पाय ओढला. शिट्टी. पेनल्टी स्ट्रोक!

म्हणजे मधे कोणी नाही. सात यार्डांवर बॉल, बॉलमागं मिंज, बॉलपुढं मी. कॉर्नरला मिंज जमिनीवरून मारायचा. स्ट्रोकला तो बॉल उचलायचा, आणि उचललेला बॉल माझ्या उंचीच्या माणसाच्या बरोब्बर ओठांशी येतो.

गोलामागून धकाते ओरडला, "तोंड मिट बे! निदान जीभ तरी वाचंल!"

मिंजनं बॉल ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मग स्टिक खाली टाकली आणि चालत माझ्याकडं यायला लागला.

रामटेकेनं मधे यायला पाहिजे होतं, तर तो खाली बसून आपल्या बुटाची नाडी तपासायला लागला. मी मागं सरकलो, पाठ जाळीला टेकली.

मिंज माझ्यासमोर उकिडवा बसला.

"पट्टा खुला है."

डाव्या पॅडचा खालचा पट्टा लोंबत होता. त्यानं तो तर घेतलाच, वरचेही सगळे सोडले. पॅड उचलून घोट्याशी नीट बसवला.

"नीचे से बाँधते हैं. नीचे ठीक बैठा, तो ऊपर अपने आप बैठता है." पट्टा आवळून त्यानं आत बोट घालून पाहिलं. "एक उँगली जानी चाहिए. दो नहीं. चल के दिखा."

मी दोन पावलं चाललो.

"बैठ के दिखा."

बसलो.

"कहीं काट रहा है?"

"नहीं, मिंज भाई."

अंपायरनं शिट्टी मारली. मिंजनं मान न वळवताच सांगितलं, "रुकिए साहब, बाँध रहे हैं." उरलेल्या टोकाला त्यानं एक गाठ मारली आणि ती दोनदा हिसकून पाहिली.

"शादी कब है?"

"अगले हफ्ते."

"ठुड्डी नीचे रख."

तो परत गेला, स्टिक उचलली. मी हनुवटी छातीत रुतवली आणि, आता तुमच्यापासून काय लपवायचं, डोळे मिटले. शिट्टी झाली.

ठप्प!

डोळे उघडले, तर बॉल माझ्या पायाशी पडलेला. डाव्या पॅडच्या ऐन मध्यावर लाल धुळीचा गोल ठसा. पॅड तसूभर फिरला नव्हता. मी जीभ दातांवरून फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. सगळे होते!

आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला दिसलं, त्यांच्या कॅप्टननं मिंजची कॉलर धरली होती.

"पूरा गोल खाली पड़ा था! आँख बंद करके खड़ा था वो! उसके पैड पे क्यों मारा?"

मिंजचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. मान वाकडी करून तो माझ्या लोंबत्या डाव्या पायाकडं पाहत होता.

"बाँधा मैंने था," तो म्हणाला. "टेस्ट कौन लेता?"