शेंदराखालची पृथ्वी

नोकरीत किती तरी मुद्देमाल माझ्या हातून गेले. पण शेंदराने माखलेला तो पृथ्वीचा गोल आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो.

निजामी अमलातली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका कसब्यात मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. गावात मुलींची लहानशी मराठी शाळा होती. ती चालवणाऱ्या बाई तरुणपणीच विधवा झालेल्या. घरोघर जाऊन, आयांची समजूत घालून त्यांनी मुली गोळा केल्या होत्या. शाळेत किमती म्हणावी अशी एकच वस्तू होती: टेबलावर ठेवायचा, पितळी कमानीत फिरणारा पृथ्वीचा जुना गोल. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तो शाळेला दिला होता.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा गोल गायब होता. कुलूप मात्र शाबूत. शाळेची खोली गावच्या देशमुखांची. तेच फिर्याद घेऊन ठाण्यात आले.

"किल्ली फक्त बाईपाशी. तिनंच विकला," ते म्हणाले. "गुन्हा नोंदवा, अन् शाळेला टाळं लावा."

मी पंचनामा केला, बाईंचा जबाब घेतला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अमीनसाहेब, आया माझ्या भरवशावर पोरी धाडतात. चोर म्हणून माझं नाव झालं तर एकही पोरगी परत यायची नाही."

माझ्या मनात एक गोष्ट खटकत होती. चोरीची फिर्याद घेऊन येणारा पहिल्यांदा विचारतो, 'सापडेल का?' देशमुखांनी ते एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना फक्त टाळं हवं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, ती खोली त्यांना सरकी भरायला पाहिजे होती. पण चारचौघांत दिलेली खोली परत मागायची कशी?

खबर मिळाली ती भलत्याच तोंडून. बाजाराच्या दिवशी चारठाण्याकडची एक शेतकरी बाई ठाण्यात आली. नवरा घर सोडून गेलेला.

"साहेब, आमचे मालक रंगूनला हायत. तुमी तेवढे आणून द्या."

"रंगूनला? कुणी सांगितलं?"

"देवगाव फाट्यावरच्या बाबानं. त्याच्यापाशी देवाचा गोळा हाय, लय जागृत. गरकन फिरीवला अन् बोट ठिवून दावलं की!"

मी साध्या कपड्यांत जमादाराला घेऊन फाट्यावर गेलो. पालात बाबा बसलेला, पुढ्यात तांबड्या फडक्याखाली गोल. शेंदराचा इतका जाड थर, की खाली काय आहे ते देवालाच ठाऊक. गोलासकट बाबाला ठाण्यात आणला.

"गुरूनं काशीत दिला," बाबा म्हणाला. "शेंदूर पुसाल तर वाटोळं होईल तुमचं." जमादार दोन पावलं मागे सरला. दिवसभर विचारलं, बाबा हलला नाही. मी हात उगारला नाही. माराने कबुली मिळते, खरं मिळतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले, देशमुखांनाही बोलावलं. गोल आतल्या खोलीत ठेवून आधी बाईंना विचारलं, "तुमच्या गोलाची खूण काय?"

"हिंदुस्थान शोधा," त्या लगेच म्हणाल्या. "त्यात आपला मुलूख दिसायचा नाही. नव्या पोरीला मी पहिल्या दिवशी आपलं गाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावते. बोटं लागून लागून तिथला रंग गेला, पांढरा कागद निघालाय."

तसं लिहून घेतलं. मग बाबाला विचारलं, "शेंदराखाली काय आहे?"

"कैलास," बाबा म्हणाला.

गोल सगळ्यांसमोर आणला. जमादार पुसायचं फडकं हातात घेईना, तेव्हा करडईच्या तेलात ते मीच बुडवलं. आधी निळा समुद्र निघाला. मग सिलोन. आणखी वर पुसत गेलो, आणि ऐन दख्खनच्या जागी रुपयाएवढा पांढरा डाग उघडा पडला. पंचांपैकी एकाच्या तोंडून "वाहवा!" निघून गेलं.  बाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

बाबाने माझे पाय धरले. "मी न्हाई चोरला, सरकार! देशमुखांच्या कारभाऱ्यानं आणून दिला. म्हणला, शेंदूर फास, कोन वळखतंय!"

कारभाऱ्याच्या घराची झडती घेतली. शाळेच्या कुलपाची दुसरी किल्ली तिथे निघाली. किल्ली समोर ठेवताच त्याने मालकाचं नाव सांगितलं. देशमुखांनी वरपर्यंत वजन वापरून पाहिलं. पण पंचांसमोरचा पुरावा पक्का होता. अदालतीत तिघांनाही शिक्षा झाली.

गोल परत मिळाला त्या दिवशी बाईंनी तो मांडीवर घेतला आणि उघड्या टांग्यातून भर बाजारातून नेला. मागे मुलींचा घोळका, आणि मुलींच्या मागे त्यांच्या आया. गावाने धर्मशाळेत शाळेला जागा दिली. पूर्वी बाईंना दारातून परत पाठवणाऱ्या घरांतल्या मुलीही येऊ लागल्या. चारठाण्याच्या बाईचा नवराही आम्ही शोधून काढला. रंगूनला नव्हे, नांदेडच्या गिरणीत.

तेव्हापासून ओळख पटवताना मी खूण आधी विचारली, वस्तू नंतर दाखवली. पुढे कितीतरी खटले त्यावरच उभे राहिले. पण खरी शिकवण त्याहून मोठी होती. फिर्यादीची पगडी किती उंच आहे हे पाहू नये, त्याला नेमकं काय हवं आहे ते पाहावं. वर्दी उतरून जमाना झाला, तरी कुणी कुणावर आळ घेतला की मी आधी आळ घेणाऱ्यालाच नीट न्याहाळतो.