बंद राऊटरने दिलेले उत्तर

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, आणि प्रत्येक वेळी माझ्यातला शिक्षक जागा होतो — सांगणाऱ्याने कोणती पायरी तपासायची सोडली, हेच मी शोधत बसतो. अमानवीय म्हणतात तशा कशावर माझा विश्वास नव्हता; आजही आहे असे म्हणवत नाही. माझ्या हकिगतीत सुटलेली पायरी कुणाला दिसली, तर मी आभारीच राहीन.

मी वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरकडच्या एका शाळेत संगणक शिकवतो. मागच्या वर्षी प्रवेशांच्या दिवसांत, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आमची माजी विद्यार्थिनी प्रणाली आणि तिची आई वनमालाबाई संगणककक्षात आल्या. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे होते. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. त्यासाठी लागणारा दाखला तासाभरापूर्वी हाती पडला होता. गावात सकाळपासून वीज नव्हती, टॉवर बंद, मोबाइलला रेंज नाही. दुचाकीने हिंगणघाट गाठले असते, तरी तिथे काम होईल याची खात्री नव्हती. आमच्या कक्षात निदान यूपीएसवर तासभराची वीज होती.

संगणक सुरू झाला, पण प्रवेशाचे पान उघडेना.

नेटवर्क बंद पडले की मी मुलांना एक क्रम शिकवतो. काळ्या पडद्यावर ‘पिंग’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारायची. आधी स्वतःच्या संगणकाला, मग राऊटरला — ते आपले दार — आणि मग बाहेरच्या जगाला. जिथे उत्तर येत नाही, तिथे दोष.

स्वतःचे उत्तर आले. राऊटरचे, म्हणजे 192.168.1.1 चे, आले नाही.

आमचे शिपाई सुधाकरभाऊ कपाटामागच्या राऊटरपाशी वाकले. “सर, जळका वास येऊन राह्यला. हा तं गेला. आता याच्या तेरवीचंच पाहा.”

“भाऊ, मायी पोरगी सकाळपासून जेवली नाई,” वनमालाबाई म्हणाल्या. “तुमाले मजाक सुचून राह्यली.”

सुधाकरभाऊंनी कपाट पुढे ओढून दिले. मी राऊटरच्या सगळ्या तारा काढल्या आणि तो टेबलावर आणून ठेवला. अडॅप्टर काळा पडलेला होता, दुसरा नव्हता. चार वाजून सव्वीस मिनिटे. प्रणाली घड्याळाकडे पाहत नव्हती. ती दाखल्याची घडी उलगडत होती, पुन्हा घालत होती. या फेरीत नाव आले नाही, तर तिचे वर्ष जाणार होते.

“सर,” ती म्हणाली, “तुमच्या स्क्रीनवर काहीतरी येऊन राह्यलं.”

अखंड पिंग चालू ठेवून मी उठलो होतो. उत्तर न आल्याच्या, ‘वेळ संपली’ अशा ओळींखाली आता उत्तरे येत होती. 192.168.1.1 कडून. तीन मिलिसेकंद. चार. पुन्हा तीन.

ज्या यंत्राला मी हाक मारत होतो, ते माझ्या कोपराशी पडले होते. तारेविना, विजेविना.

दुसऱ्या एखाद्या यंत्राने तो पत्ता घेतला असेल, असे मला वाटले. त्याचीही चाचणी आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून बारा अक्षरी क्रमांक मिळतो, आणि कोणत्या पत्त्यावर कोणत्या क्रमांकाचे यंत्र आहे, याची यादी संगणक ठेवतो. यादी जुनी असू शकते म्हणून मी ती आधी पुसली आणि पुन्हा मागवली. मग राऊटर उलटा करून त्याच्या तळाची चिठ्ठी वाचली. बारापैकी बारा अक्षरे जुळली.

त्या संगणकात वायफाय नाही. कक्षातली बाकी सारी यंत्रे बंद होती.

प्रवेशाचे पान उघडले होते.

“सर, भरू का?”

इथे मी थांबलो, हे कबूल केले पाहिजे. पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसेल, तर पासवर्ड टाकायचा नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तो पासवर्ड टाकला, की तिचा सगळा अर्ज त्या ‘कुणाच्या’ हाती जाणार होता. संगणकामागची नेटवर्कची तार उपटून खात्री करून घ्यावी, असे वाटत होते. पण उत्तर थांबले, तर पुन्हा येईल हे कोण सांगणार? चार वाजून एकोणचाळीस मिनिटे.

“काऊन थांबले, सर?” वनमालाबाईंनी विचारले. “चालू हाय ना?”

“भर,” मी म्हणालो.

तिने एकेक कॉलेज निवडले. बाजूच्या खिडकीत उत्तरांच्या ओळी संथपणे उतरत होत्या. सुधाकरभाऊ राऊटरपासून दोन पावले मागे सरकून उभे होते. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी अर्ज निश्चित झाल्याची पावती पडद्यावर आली. ती संगणकात जतन झाली, आणि पुढची ओळ ‘वेळ संपली’ अशी उमटली. त्यानंतर एकही उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. शाळेकडे येणारी इंटरनेटची केबल नालीच्या खोदकामात आदल्या दिवशी सकाळीच तुटली होती. म्हणजे राऊटर धडधाकट असता, तरी अर्ज बाहेर जायला वाट नव्हती.

पुढे कित्येक दिवस मी प्रणालीला तिचा अर्ज उघडून पाहायला लावत असे. एका अक्षराचाही फरक नव्हता. यादी लागली आणि तिचे नाव वर्ध्याच्या कॉलेजात आले. माय-लेकी पेढे घेऊन शाळेत आल्या.

“सर, त्या दिवशी फॉर्म कोणत्या लाइनीनं गेला?” प्रणालीने विचारले.

“गेला ना, बाई,” आई म्हणाली. “काऊन खोदून राह्यली?”

पण तिने प्रश्न माझ्याच वर्गात शिकलेल्या रीतीने विचारला होता, म्हणून मीही त्याच रीतीने उत्तर दिले: आपण हाक मारली, उत्तर आले, एवढेच माझ्यापाशी आहे. ते कुणी दिले, हे मला आजवर कळलेले नाही.