अक्कांच्या तांबड्या सोंगट्या

अण्णा कुठलीही वस्तू हवी त्याहून थोडी मोठीच करायचे. भाच्याच्या मुलाला त्यांनी करून दिलेल्या बुद्धिबळातला हत्ती दोन घरं अडवून बसायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "लोखंड थंड झालं की आकसतंय, अम्मा. साचा स्वल्प मोठाच धरायचा." बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून बंगलोरला आले आणि चामराजपेटेत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. तीन पिढ्या तिथेच मुरलेलं ते मराठी घर. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, आणि माझं ऐकून त्यांना. खाली पडवीत लाकूड कातायचा छोटा लेथ होता. नात्यात लग्न असो की बारसं, अण्णांचा आहेर ठरलेला: सारीपाटाचा कापडी पट आणि हाताने केलेल्या लाकडी सोंगट्या. सारीपाटाला ते 'पगडे' म्हणायचे. भांडीकुंडी देणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "पातेलं एकट्याला पण चालतंय. पगडे खेळायला समोर माणूस बसायला लागतं की!"

त्यांच्या समोर बसायच्या त्या अक्का, त्यांची बायको. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला अक्कांनी ओवाळलं, तेव्हा अण्णांनी तबकात चार तांबड्या सोंगट्या घातल्या होत्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी डाव. अक्का कवड्या टाकताना शुद्ध लबाडी करायच्या, आणि एरवी केसभर फरक न खपवणारे अण्णा ती मुकाट खपवून घ्यायचे.

मग अक्का विसरायला लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग फुलवालीचा चेहरा, मग सख्ख्या बहिणीचं नाव. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पट अंथरला की त्या बसायच्या. दान कुणाचं हे कळायचं नाही, तरी तांबडी सोंगटी अंगठ्याने चोळत राहायच्या आणि तेवढा वेळ अण्णांना ओळखायच्या. "अहो, टाका की लवकर!" म्हणायच्या. अण्णांचा सगळा जीव त्या 'अहो'त अडकला होता.

पुढे अक्कांचा हात थरथरू लागला. सोंगटी बोटांतून निसटायची, त्या चिडून उठून जायच्या. सोंगटी मोठी हवी, असं अण्णांनी ठरवलं. जुनी टाकून द्यायला मन धजेना. म्हणून त्यांनी नवं लाकूड आतून कोरलं, त्यात एकेक जुनी सोंगटी सरसाने पक्की बसवली, वरून लेथवर गोल केली आणि तांबडी लाख चढवली. मला दाखवून म्हणाले, "आत तिचीच हाय. वरनं फक्त स्वल्प मोठी." मीही म्हटलं, "काय डोकं आहे हो, अण्णा!"

पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले, तेव्हा अण्णा त्या देत होते. अक्कांनी एक उचलली, अंगठा सगळीकडून फिरवला आणि खाली ठेवली.

"ह्या माझ्या नव्हेत."

"तुझ्याच गं. आत हायत."

"कुठं आत? माझ्या सोंगटीला अंगठ्याची जागा हाय."

इतक्या वर्षांच्या चोळण्याने लाकडाला खळगा पडला होता. अण्णांना ती झीज वाटली होती.

त्यांनी तिथल्या तिथे एक सोंगटी पकडीत धरून पटाशी मारली. बाहेरच्या लाकडासकट आतली सोंगटीही उभी चिरली. दुसरीही तशीच गेली. सरस चांगला बसला होता. उरलेल्या दोन्हींना त्यांनी हात लावला नाही. इतकं चांगलं काम इतकं वाईट ठरलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

नंतर त्यांनी जुन्या मापाच्या सोंगट्या पुन्हा पुन्हा केल्या. पॉलिश कागदाने घासून खळगे पाडले, आपला अंगठा लावून बघितला. पण अंगठा त्यांचा होता. अक्का प्रत्येक सोंगटी चाचपून बाजूला ठेवायच्या. 'अहो' पुन्हा आलं नाही. आजारच तसा आहे, सोंगट्यांनी काही झालेलं नाही, असं मी अण्णांना किती वेळा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं.

एका संध्याकाळी अक्का त्यांना म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात हो. पण माझ्या सोंगट्या आमच्या ह्यांच्याकडं हायत. ते कामावरनं आले की आम्ही खेळतो."

 अण्णा म्हणाले, "सरी, बरं. ते येईपर्यंत मी बसू का इथं?"

"बसा की," अक्का म्हणाल्या.

ते बसले. रोज बसायचे. अक्का दाराकडे बघायच्या आणि अण्णा अक्कांकडे. मला जिना उतरून खाली जायचा धीर व्हायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. सगळं उरकून नातेवाईक परतल्यावर मी अण्णांना जेवण द्यायला गेले. ताट समोर ठेवून विचारलं, "शेवटी काही बोलल्या का हो अक्का?"

"बोलली की," अण्णा म्हणाले. "माझाच हात धरला होता तिनं. 'हे आलेच नाहीत,' म्हणाली."