टेलिफोनवाली कुणाची बहीण?

फोटो स्टुडिओत ती गिऱ्हाइकांचे चेहरे उजळायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा बदलायची. जुन्या बाजारातून कपडे आणायची, विग चढवायची, कॅमेऱ्यासमोर बसायची. स्टुडिओतले तिला बहुरूपी म्हणत. अशा पाच बायका तिनं घडवल्या होत्या. नर्स, शिंपीण, टेलिफोन ऑपरेटर... प्रत्येकीचा जन्म, नोकरी, भांडणं, सगळं मनचं. फोटोही मुद्दाम पिवळट केलेले. शेजारच्या शहरात प्रदर्शन लागलं तेव्हा दाराशी ठळक पाटी होती: 'या पाचही जणी मीच आहे.' पण पाटी वाचतंय कोण!

एक म्हातारे घड्याळजी ऑपरेटरच्या फोटोपुढून हलेनात.

"ही माझी धाकटी बहीण. विशीत घर सोडून गेली. कुठे आहे ती?"

"काका, ही मीच आहे."

"मला वेड्यात काढू नका. तुम्ही तिला लपवताय."

फोटोखाली मांडलेला विग तिनं तिथेच डोक्यावर चढवला, शेजारी ठेवलेला रिसीव्हर कानाला लावला. म्हाताऱ्यांनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. संशय गेला नाही, त्यानं फक्त दिशा बदलली.

"तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

तिला सांगता येईना. माहेरचं कुणी उरलं नाही, एवढंच आई म्हणायची. तिनंही कधी खोदून विचारलं नव्हतं.

घरी आई भाजी निवडत बसली होती.

"आज एक आजोबा भेटले," ती सहज सांगितल्यासारखं म्हणाली. "माझी ऑपरेटर म्हणे त्यांची बहीण आहे."

आईनं मान वर केली नाही. "अजून घड्याळंच दुरुस्त करतो का?"

"आई, मी घड्याळाचं नावही काढलं नव्हतं."

आईनं भाजीची पुढची जुडी सोडायला घेतली.

पुढच्या रविवारी तिनं घड्याळजींना घरी आणलं. आईनं दार अर्धंच उघडलं. समोरचा माणूस तोतया असावा, तसे दोघं एकमेकांना न्याहाळत राहिले.

"का गेलीस?"

"ते सोडून काहीही विचार, दादा."

'दादा' ऐकलं मात्र, ते चपला न काढताच आत आले आणि खुर्चीत बसून रडले. नंतर येत राहिले. दर वेळी तोच प्रश्न, आणि दर वेळी आई चहा टाकायला उठायची.

लेकीची मात्र झोप उडाली. आईची शाळा, मैत्रिणी, लग्नाची हकिगत, सगळंच ती आता पारखून घेऊ लागली. शेवटी तिला राहवेना.

"आई, बाबा तरी खरे होते ना?"

"नाहीतर तू काय आभाळातून पडलीस?" आई हसली.

पण हसताना तिनं तोंड दुसरीकडे वळवलं, ते लेकीनं बरोबर टिपलं.