टाचेची सुई आणि डुगडुगतं स्टूल
स्पिरिटचा वास आला की नवीन जालन्यातल्या दवाखान्याच्या सिस्टर आठवतात. माझ्या लेकीचं दुखणं त्यांनीच हलकं केलं. मी नववीत शाळा सोडून गोंदियाहून इथं वेल्डिंगच्या कामाला आलेलो. तेव्हा लेक तीन दिवसांची, आणि कावीळ किती ते बघायला तिच्या टाचेतून पुन्हा रक्त काढायचं होतं. आदल्या दिवशी सुई टोचल्यावर ती रडून रडून निळी पडली होती. बायको सिझरमुळे उठू शकत नव्हती. "शर्ट काढा, लेकीला छातीशी धरा, उबेत सुई कमी दुखते," सिस्टर म्हणाल्या. मी म्हणालो, "आमच्याकडे बारशाआधी बाप लेकरू घेत नाही." "मंग बारशापर्यंत रडू द्यायचं का तिला? बसा जल्दी." डुगडुगत्या स्टुलावर बसून मी ठिणग्यांचे डाग असलेली छाती उघडी केली. लेक उबेला चिकटली, सुई लागली तेव्हा एकदाच कुरकुरली आणि झोपून गेली. डोळे मीच घट्ट मिटले होते. "उघडा आता, बापाचं रक्त न्हाई काढत," सिस्टर हसल्या. आता लेक घरभर पळते. त्या स्टुलाच्या जागी पाठीला टेकू असलेली लोखंडी खुर्ची एक दिवस मी स्वतः बनवून नेणार आहे. पुढच्या बापाला भीती वाटायची ती वाटेल, पण निदान बसायला तरी नीट मिळेल.